मिरचीचे हात

नंदुरबारला पथारीवर वाळणाऱ्या लाल मिरचीचा ठसका बसला, की मी अजूनही आधी आपली बोटं हुंगते. प्लाझ्माच्या, म्हणजे विजेने उजळणाऱ्या विरळ वायूच्या, प्रयोगशाळेत नवीन होते तेव्हाची गोष्ट. प्रयोगाच्या पोलादी भांड्यातली हवा पंपाने काही केल्या पुरती निघेना. आत बोटाचा तेलकट डागही चालत नाही, त्याची वाफ सुटत राहते; आणि मी तर रनाळ्याला घरी आईबरोबर मिरच्यांचे देठ खुडून आलेले! हातमोजे घातले होते, तरी वाटलं, माझ्याच हातांनी घात केला. रडत आईला फोन केला.

“हात धोयात ना? मंग कसाले रडस?”

संध्याकाळी प्रयोगशाळेतल्या सरांना भांड्याच्या सांध्यातली चिरलेली रबरी कडी सापडली; हवा तिथूनच आत शिरत होती. ती बदलली आणि भांड्याच्या खिडकीच्या काचेपलीकडे प्लाझ्माचा गुलाबी उजेड उमलला. तेव्हा कुठे मला भूक लागली. डब्यात आईची मिरचीची चटणी होती. पाचही बोटं चाटून खाल्ली.