वाफेच्या चोरीचा मुद्देमाल

ते प्रकरण आठवलं की आजही आधी वास नाकाशी येतो, मग माणसं.

सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखानदाराने मोठा बॉयलर बसवला होता. शेजारच्या छोट्या युनिटांना तो पाइपाने वाफ विकायचा. महिन्याला ठरावीक रक्कम, मग वाफ कितीही वापरा. स्वतःचा बॉयलर कोणालाच परवडणारा नव्हता, त्यामुळे सगळ्यांची पोटं त्या एका पाइपावर होती. एका पावसाळ्यात तो आमच्या पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज घेऊन आला. वाफ चोरीला जाते, कोळशाचा खर्चही सुटत नाही, चोर सापडला नाही तर बॉयलर बंद. संशय पाइपाच्या टोकाला असलेल्या डाईंगवाल्यावर.

डाईंगवाल्याला चौकशीला बोलावलं. खोटं बोलणारा माणूस साहेबाचा चेहरा वाचत असतो. हा माझ्याकडे बघेचना, टेबलावर डागाळलेल्या कापडाचे तुकडे मांडत बसला. त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर वाफेचं पाणी होत होतं आणि रंग बिघडत होता. बुडायला तोच आला होता. मी त्याला चहा पाजून घरी पाठवला.

धागा दिला आमच्या खबऱ्याने, नाक्यावरच्या वडापाववाल्याने. त्याच पाइपावरच्या मधल्या लाँड्रीने धुतलेल्या चादरी हॉटेलवाले परत पाठवतात, म्हणे मासळीचा वास मारतो. हवालदार हसले. मी जीप काढायला सांगितली आणि कारखानदारालाही सोबत घेतलं.

लाँड्रीच्या मागे पाइपावरचं, उष्णता धरून ठेवणारं आवरण लांबपर्यंत सोललेलं होतं. वर दोऱ्या, दोऱ्यांवर ओळीने बोंबील. लाँड्रीत कामाला असलेली पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली एक बाई ते उलटवत होती. आम्हाला बघून ती पळाली नाही. विचारलं तसं तिने सगळं सांगितलं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या, पण पाऊस उघडेना. आवरण एका जागी आधीच फाटलेलं होतं. सगळे ठरावीक रक्कम भरणारे, दुरुस्ती करायची कोणी? तिला तिथे ऊब लागली आणि तिने पुढचंही सोललं.

"सायेब, ऊन नाय. मासली कुजली तं आमी खावाचा काय? गर्मी वाऱ्यावर जात होती. भाडा घ्या, पन सुकवू द्या."

हवालदारांनी पंचनाम्याचा कागद काढला आणि मुद्देमालात काय लिहू, असं गंभीरपणे विचारलं. ऊब जप्त कशी करणार? मला हसू आवरेना. कारखानदार मात्र हसला नाही. तो "भाडं?" असं पुटपुटत पाइपाकडे बघत राहिला.

त्याने अर्ज मागे घेतला. पाइप पुन्हा गुंडाळला आणि प्रत्येक युनिटला मीटर लावला. आता वापराप्रमाणे पैसे, त्यामुळे आवरण जरा कुठे फाटलं की सगळ्यांना दिसू लागलं. डाईंगवाला वापरून झालेलं गरम पाणी गटारात सोडायचा. ते आता शेजारच्या शेडमधल्या नळ्यांतून फिरवलं आणि ती शेड पाचूबंदरच्या बायकांनी मासळी सुकवायला भाड्याने घेतली. बॉयलर चालू राहिला.

चोर पकडायला मला खात्याने शिकवलं होतं. चोरीमागे कधी कधी एखादं गिऱ्हाईक उभं असतं, हे या प्रकरणाने शिकवलं.

शेडमधला पहिला माल सुकला तेव्हा ती बाई पुडकं घेऊन ठाण्यात आली. मी पैसे पुढे केले. नको नको म्हणेल असं वाटलं होतं. तिने ते सरळ कमरेला खोचले आणि पुढच्या खेपेला किती ठेवू, असं विचारलं.