दोन ओळी राहिल्या होत्या

पांढुर्ण्यात कुसुमताईंना चेहऱ्याने ओळखणारे थोडेच होते, पण त्यांचा आवाज माहीत नसलेला माणूस शोधूनही सापडला नसता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. नागपूरची लाइन लागायला वेळ लागला की गुणगुणायच्या, आणि पलीकडे संत्र्यांचे व्यापारी भाव विचारायचं सोडून ऐकत बसायचे. मी तिथं नवीन लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या कानावरचा हेडफोन सरळ केला आणि म्हणाल्या, "अवं सुनंदे, आवाज गयातून नाही काढाचा. श्वासातून काढाचा. गया त फक्त दरवाजा होय." गळ्याला त्या गया म्हणायच्या.

त्यांच्या वडिलांची नाटकमंडळी होती. सौंसर, रामाकोना, तिगाव अशी गावं घेत ती जत्रांमधून एकच संगीत नाटक करायची. त्यात मेलेल्या नवऱ्याला परत आणायला राणी नावेतून नदीखालच्या मुलखात जाते. तिथला राजा अट घालतो, घर येईपर्यंत गात राहायचं. गाणं थांबलं की नवरा नावेतून उतरून जाईल. राणी गात राहते आणि त्याला घरी आणते. ताईंना त्यातली सगळी पदं पाठ होती.

ताईंचे यजमान नागपूरच्या दवाखान्यातून परत येताना गाडीतच गेले. पांढुर्णा दोन स्टेशनं राहिलं होतं. रेल्वेच्या लोकांनी प्रेत तिथंच उतरवलं. पंचनाम्यात दिवस गेला, उन्हाळ्याचे दिवस, शेवटी तिथल्याच नाल्याकाठी दहन करावं लागलं. "घर काही पाह्यलं नाही त्याहीनं," एवढंच ताई म्हणायच्या, आणि लगेच कोणाच्या तरी कॉलबद्दल बोलू लागायच्या.

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. ताईंनी डॉक्टरांकडून दीड महिन्याची मुदत मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर येऊन मला म्हणाल्या, "बाबाच्या नाटकाचा मी पिक्चर करून राहिली. आता नदीतली नाव कोण समजते वं? आपली राणी रेल्वेनं जाते." मला वाटलं, धक्क्यानं बाईचं डोकं फिरलं. पण त्यांचं सगळं ठरलेलं होतं. राणी झाली शाळेतली मास्तरीण, नदीखालचा मुलूख झाला टाइमटेबलात नसलेलं एक स्टेशन, आणि मेलेल्यांचा राजा झाला तिथला स्टेशनमास्तर. गाणी आधी टेप करायची, शूटिंग ऑपरेशननंतर. पडद्यावर ओठ हलवायला मी.

गाणी टेप झाली कापसाच्या गोदामात. कापसाच्या ढिगात आवाज घुमत नाही, हे त्यांना कोणी शिकवलं होतं देव जाणे. दुपारी गोदाम बंद करून आम्ही आत बसायचो. त्या, पेटीवाले काका, टेपरेकॉर्डर आणि मी. एक पद झालं की त्या खोकत सुटायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हणायचे, ताई, हा कापूस तुमच्या गळ्याला बाधतो आहे, दुसरी जागा पाहू. त्या हातानंच मला गप्प करायच्या. "गया तसाही जाऊन राहिला. कामी त येऊ दे."

शेवटचं पद परतीच्या गाडीतलं होतं. त्याच्या शेवटच्या दोन ओळी राहिल्या आणि आवाज फाटला. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नंतर कधीच तो लागला नाही. त्या दोन ओळी अशा होत्या:

आली वेस, आलं अंगण, दिवा दिसे दारी,
उतर राया, हात दे रे, आलो आपुल्या घरी.

ऑपरेशन होऊन त्या परत आल्या तेव्हा मानेला पट्टी आणि हातात पाटी होती. सौंसरहून लग्नाचं शूटिंग करणारा बंडू व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला. त्याला प्रत्येक चेहरा बदामाच्या आकारात बसवायचा होता. ताईंनी पाटीवर भलंमोठं "नाही" लिहून ती दिवसभर त्याच्यासमोर धरली. तिगावच्या फलाटावर आम्ही कापूस पसरला आणि त्यात गावातली माणसं मेलेली म्हणून बसवली. ती मेलेली माणसं सारखी चहा मागायची. टेप लागली की ताई माझ्यासमोर उभ्या राहून छाती फुगवून दाखवायच्या, श्वास कुठं घ्यायचा ते. ओठ चुकले तर चालत असे, श्वास चुकला की पाटी आपटायची.

त्या दोन ओळींपाशी आम्ही अडलो. ताईंनी माझ्याकडे बोट केलं. तू म्हण. मला गाता येत होतं, बरं येत होतं. पण मी म्हटलं, "ताई, तुमच्या आवाजाला माझं ठिगळ नको." लोक हसतील, ही खरी भीती होती, नम्रपणा नुसता वरचा. त्या तीन दिवस माझ्यामागे लागल्या. मग मीच तोडगा काढला: गाणं तुटतं तिथंच नवरा उतरून जातो, असं दाखवू. बंडू म्हणाला, लय भारी होते. ताईंनी पाटी पुसली आणि पुन्हा काही लिहिलं नाही. मला वाटलं, पटलं.

शाळेच्या खोलीत खिडक्यांना घोंगड्या लावून पिक्चर दाखवला. आवाज तुटला, गाडी थांबली, नवरा कापसातून चालत गेला, आणि सगळी खोली रडली. छिंदवाड्याहून आलेले एक प्राध्यापक मला म्हणाले, हा शेवट ज्याला सुचला तो कलावंत. मी मान खाली घालून हसले. ताई खोलीत नव्हत्या.

सकाळी त्यांच्या घरी गेले. त्यांनी पाटी पुढं केली. "त्याले घरी आणाचं होतं वं."

मला सगळं माहीत होतं. दोन स्टेशनं, नाला, सगळं. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. त्यांच्या नवऱ्याला मी दुसऱ्यांदा मधल्या स्टेशनावर उतरवलं होतं. मी म्हटलं, बंडूला बोलावते, ओळी म्हणते, शेवट बदलू. पण तो लग्नसराईत अडकला होता, आणि गाठ परत आली होती.

शेवटी एका दुपारी त्यांच्या खाटेशी बसून मी त्या दोन ओळी म्हटल्या. तिथं ना कॅमेरा होता, ना टेप. ताईंनी डोळे उघडले आणि माझ्या आवाजावर ओठ हलवू लागल्या. पहिली ओळ बरोबर जुळली. दुसऱ्या ओळीत "हात दे रे"पाशी त्यांचे ओठ थांबले आणि त्यांनी हात पुढं केला. माझ्याकडे नाही, दाराकडे. मी गाणं थांबवलं नाही. "आलो आपुल्या घरी" पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि ताई दाराकडे बघतच गेल्या.