एरंडेलाचा धूर आणि नणंदेची ओटी

परवा नातीनं अभ्यंगासाठी तापवलेलं एरंडेल करपवलं, आणि त्या वासासरशी मांडीवर नारळ थरथरल्यासारखं झालं. लग्न होऊन मी कानडी मुलखात, चामराजपेटेत नवीन आले होते. यजमानांनी जुन्या मोटरसायकलीचं इंजिन कानशीनं घासलं, सायलेन्सर पोकळ केला, आणि शर्यतवाले घालतात म्हणून त्यात एरंडेल ओतलं. आवाजानं गल्ली हादरायची. सासूबाईंनी वैतागून तेलाची बाटली कुलपात ठेवली. त्या दुपारी नणंद रेल्वेनं मद्रासला सासरी निघाली, आणि मागाहून दिसलं, तिच्या ओटीची पुरचुंडी देवापुढेच राहिलेली! "लेक रिकाम्या ओटीनं गेली गं!" सासूबाई मटकन खाली बसल्या. यजमान उठलेच. "पुढच्या के. आर. पुरम स्टेशनात गाडी गाठतो. चल, बस माघारी, स्वल्प घट्ट धर." काय सांगू, मांडीवर नारळाची पुरचुंडी, पदर उडाला, दात वाजायला लागले, रुळांशेजारी रेल्वेचा एकेक डबा आम्ही मागे टाकला, आणि मी नवी नवरी ओरडतेय, "अजून जोरात!" ब्रेक मात्र जुनेच होते, स्टेशन ओलांडून थेट चिंचेखाली थांबलो. मी पळत फलाटावर पोचले, रेल्वे मागून आली. नणंदेनं खिडकीत पदर पसरला, मी ओटी भरली. तांदूळ निम्मे सांडलेले, नारळ शाबूत. परतताना तापलेलं इंजिन काही केल्या सुरू होईना, बसनं आलो. सासूबाई दारातच होत्या. "पोचली ओटी?" "पोचली." "आणि गाडी?" "राहिली तिथंच." त्या आत गेल्या, कुलूप काढलं आणि एरंडेलाची बाटली यजमानांच्या हातात दिली. आज गुडघे वाकत नाहीत. पण कुणी "बस माघारी" म्हणू दे, पदर खोचून तयार आहे.