कनवटीला लावलेल्या गोळ्या

माझ्या आजाराला नाव मिळायला एकतिसावं वर्ष उजाडावं लागलं. तोवर नावांना तोटा नव्हता. माहेरी मी तापट, सासरी नाटकी, आणि आठ महिन्यांत सासर सुटल्यावर गावाच्या लेखी मला साडेसाती. हे कुठे, तर शनिशिंगणापुरात. लोक लांबलांबून साडेसाती उतरवायला जिथे येतात, तिथेच आमचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान, आणि दुकानदाराच्या पोरीचीच साडेसाती उतरेना. गिऱ्हाईक काय म्हणेल ही घरातली पहिली काळजी होती. माझा नंबर त्यानंतर.

एका डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता वडिलांना सांगितलं, दुसरं लग्न लावून द्या, डोकं जागेवर येईल. आत्याने लिंबू उतरवलं. दोघांत आत्या बरी, तिने निदान माझ्या तोंडाकडे तरी पाहिलं.

मग दोन वर्षांपूर्वी मी गोळ्या जास्त घेतल्या. कारण सांगायची लाज वाटते. एका मैत्रिणीने दिवसभर फोन उचलला नव्हता, एवढंच. ती बाई लग्नाला गेली होती आणि तिचा फोन पर्समध्ये होता. पण तेवढ्या दिवसात माझ्या लेखी तिने मला कायमचं टाकलं होतं आणि मी कुणाचीच नव्हते. मी वाचले आणि घरचे मला नगरला घेऊन गेले.

तिथल्या मानसोपचार डॉक्टरांनी नाव सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. वडिलांनी ते पावतीच्या पाठीमागे लिहून घेतलं, सुटा भाग आणायचा असल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, या आजाराची अशी खास गोळी नसते. गोळ्या झोपेसाठी आणि उदासीसाठी. खरा इलाज म्हणजे दर आठवड्याला समुपदेशक बाईंकडे येऊन बोलायचं, शिकायचं, आणि ते घरी करून बघायचं. थोडक्यात, एकतिसाव्या वर्षी शिकवणी.

बाई कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, तुमच्या गावातल्या घरांसारखंच तुमच्या मनाला दार नाही, जे येईल ते थेट आत येतं. मी मनात हात जोडले. शिंगणापूरचं नाव काढलं की नगरचा रिक्षावालासुद्धा हे बोलतो, त्यासाठी पदवी कशाला लागते? त्यांनी मला वही दिली. रोज काय वाटलं ते लिहायचं आणि त्याला दहापैकी गुण द्यायचे. राग अनावर झाला की काही करण्याआधी गार पाण्यात तोंड बुडवायचं. मी विचारलं, म्हशीसारखं? त्या म्हणाल्या, हो, म्हैस शांत असते.

दोन महिन्यांनी त्यांनी माझीच वही माझ्यापुढे उघडली. मी माणसाला एकतर देव्हाऱ्यात बसवते, नाहीतर उकिरड्यावर फेकते. मधली जागाच नाही. पानापानावर तेच होतं. बाईंनाही मी तोवर तीनदा देव्हाऱ्यात बसवून तीनदा फेकलं होतं. त्यांनी ते न रागावता वाचून दाखवलं, आणि मी त्यांना चौथ्यांदा फेकलं.

फक्त एका माणसाला मी कधी देव्हाऱ्यात बसवलं नव्हतं, ती म्हणजे आई. आई आमच्या घरात भाकरी आणि गप्प बसणं एवढंच करायची. वडील बोलायचे, आई ताटं उचलायची. मला तिची कीव यायची, आणि कीव संपली की किळस.

कुलपाची गोष्ट निघाली ती याच सुमाराला. बाईंनी आईवडिलांना बोलावलं आणि सांगितलं, घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली आईकडे. लाट येते तेव्हा मध्ये थोडा वेळ गेला तरी जीव वाचतो. वडील ताठ झाले.

"आमच्या गावात कुलूप लावत न्हाईत, बाई. देव राखतो."

मी गोळ्या घेतल्या तेव्हा देवाने काय राखलं होतं हे त्यांना विचारावं असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण बाईंची जिरली याचाच मला जास्त आनंद झाला. आमच्या घरात गोळ्या फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात असायच्या आणि खोल्यांना पडदे. वडील गिऱ्हाइकांना हे छाती फुगवून सांगायचे.  घरी आल्यावर आईने डबा रिकामा केला आणि गोळ्यांची सगळी पाकिटं साडीच्या कमरेच्या घडीत, कनवटीला लावली. रोज वेळ झाली की पाठ फिरवून एक गोळी काढायची आणि माझ्या हातावर ठेवायची. मला हसू आलं. देवाचा नियम मोडायचा नाही म्हणून आईनेच कुलूप व्हायचं, असला अडाणीपणा आमच्याच घरात होऊ जाणे.

पाच महिने गेले. मग बाई पंधरा दिवसांच्या रजेवर गेल्या. महिनाभर आधी सांगून, तारीख वहीत लिहून गेल्या होत्या. तरी चौथ्या दिवशी मला खात्री पटली की त्या माझ्यापासून पळाल्या. दुपारी आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर उभी राहिले आणि सगळ्या गोळ्या मागितल्या. ती निवडत राहिली. मग मी जे बोलले ते इथे सगळं लिहीत नाही. "तू आई न्हाईस, सैपाकीण हायेस," हे त्यातलं सौम्य.

तिने सूप खाली ठेवलं.

"मागितल्या की द्यायच्या असत्या, तर डबा काय वाईट हुता?"

एवढंच बोलून ती बसून राहिली. उठली नाही, रडली नाही, वडिलांना हाक मारली नाही. मी वाट बघत होते की ती एकतर मारेल नाहीतर जाईल. ती दोन्ही करेना तेव्हा मी मोरीत गेले आणि बादलीत तोंड बुडवलं. म्हशीसारखं. चारदा. चौथ्यांदा वर आले तेव्हा दहाचा राग सहावर होता. बाईंचं ऐकून बरं वाटलं याचा वेगळा राग आला, पण तो दोनचाच होता.

ओल्या तोंडाने बाहेर आले तर आई पडद्याआड साडी सोडून नीट नेसत होती. पडदा अर्धा सरकला होता. तिच्या कमरेवर पाकिटांच्या कडांनी कापून काळेनिळे चरे पडले होते, काही जुने, काही ओले, वर हळद लावलेली. पाच महिने ती त्यांच्यासकट वाकली होती, भाकऱ्या थापत होती, झोपत होती. मी एवढी तिरसट बाई, पण त्यावर मला एकही टोमणा सुचला नाही. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती वहीत मावेना.

पुढच्या फेरीत मी नगरहून कुलूप आणलं. डब्याला कडी लावून घेतली आणि किल्ली आईच्या हातात दिली. वडिलांनी पाहिलं. ते भांडतील म्हणून मी तयारच होते, पण त्यांनी दुकानातलं देवाला वाहायचं काळं कापड आणून डब्यावर टाकलं आणि पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसले. आमच्या घराला कुलूप नाही, असं ते गिऱ्हाइकांना अजून सांगतात. सांगू देत.

आता माझी शिकवणी पंधरा दिवसांतून एकदा असते. मैत्रिणीने फोन उचलला नाही की मी पर्स आठवते. बाई देव्हारा आणि उकिरडा यांच्यामध्ये कुठेतरी खुर्चीवर बसलेल्या असतात. आईच्या कमरेचे चरे भरले, कनवटीला आता फक्त किल्ली असते. तरी भांडी आपटत माझा आवाज चढला, की तिचे दोन्ही हात अजून कमरेवर जातात.