सवकासबायची हिरवी सायकल

सवकासबाय सायकल इतकी हळू चालवायची, की गोव्यातल्या आमच्या चोपडे गावच्या बांधावरून डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालणाऱ्या बायकासुद्धा तिला मागे टाकून जायच्या. एक पाय मारायचा, मग पाण्याकडे बघायचं. खाजनात, म्हणजे बांधाआडच्या खाऱ्या शेतात, बगळा उतरला की ती थांबायचीच. येणारे-जाणारे हसून म्हणायचे, "सवकास बाय, सवकास!" सवकास म्हणजे सावकाश. तिचं खरं नाव आमच्या कुणाच्या जिभेवर धड बसेना, म्हणून हेच नाव राहिलं.

ती डेन्मार्कची. नोकरीतून निवृत्त झालेली परिचारिका. नवरा गेल्यावर हिवाळ्यात इकडे यायला लागली आणि नदीकडच्या आमच्या खोलीत उतरायची. वडील गेल्यापासून घरात आई आणि मी दोघीच होतो. मी पेडण्याला शाळेत शिकवते, त्यामुळे आई आणि तिच्यामधली दुभाषी मीच.

दर वर्षी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती मोरजीला शांतारामच्या दुकानात जायची आणि तीच हिरवी सायकल भाड्याने घ्यायची. शांताराम कपाळाला हात लावायचा. "बाय, चार वर्सं भाडं देतां. एवढ्यात दोन सायकली झाल्या असत्या गो!" तिलाही ते कळत होतं. संध्याकाळी सोप्यावर बसून ती आम्हाला विचारायची, "घेऊ का या वर्षी?" आई म्हणायची, "घेऊन टाक मगे एकदाची!" ती मान डोलवायची आणि बघता बघता हिवाळा निघून जायचा.

एकदा मी सरळच विचारलं. ती नदीकडे बघत सांगू लागली. तरुणपणी नोकरीसाठी ती तीन देशांत राहिली होती. प्रत्येक ठिकाणी हौसेनं सायकल घेतली आणि प्रत्येक ठिकाणी ती सोडून निघाली. "अजूनही कधी कधी मनात येतं, कुठल्या भिंतीला टेकून उभ्या असतील त्या?" ती म्हणाली. "भाड्याची बरी. परत केली की मागे काही उरत नाही."

पण ते काही खरं नव्हतं. एका वर्षी ती दुकानात पोचली, तर हिरवी सायकल दुसराच पाहुणा घेऊन गेलेला. शांतारामने तिच्यापुढे चांगल्या नव्या कोऱ्या सायकली उभ्या केल्या. ही आपली बाकड्यावर बसून राहिली, दुपारभर. संध्याकाळी तो पाहुणा आला, तेव्हा कुठे ती आपली सायकल घेऊन घरी आली. आई मला म्हणाली, "सायकल भाड्याची, पण जीव बघ कसो लावलान हिणें."

वडील गेल्यावर आईचं जग घर आणि देऊळ एवढंच उरलं होतं. सवकासबायनं तिला काही उपदेश केला नाही. एका सकाळी सायकल अंगणात आणली आणि सीटवर थाप मारली. साठी उलटलेली माझी आई आधी लाजली, मग रागावली आणि तिसऱ्या दिवशी पदर खोचून बसली. महिन्याभरात ती बांधाच्या टोकापर्यंत जाऊ लागली. मग तिनं शांतारामकडून एक जुनी सायकल विकतच घेतली. विचार करायला तिला अर्धा दिवसही लागला नाही. दोघी रोज संध्याकाळी मोरजीला जायच्या, जिथं आमची शापोरा नदी समुद्राला मिळते तिथं. एक डॅनिश बोलायची, एक आमची भाषा. काय बोलायच्या, कुणास ठाऊक. परत येताना दोघींच्या चेहऱ्यावर एकच उजेड असायचा.

पुढच्या खेपेला ती लेकीला घेऊन आली, तेही दोनच आठवड्यांसाठी. सवकासबायची नजर गेली होती. अगदी काळोख नव्हे, पण समोरचं सगळं धुक्यातलं. हे शेवटचं येणं आहे, असं लेकीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. मग आईनंच हिरवी सायकल आणली आणि तिला मागे कॅरियरवर बसवून बांधावरून नेलं. सवकासबाय डोळे मिटून बसायची. वाऱ्याला मिठाचा वास आला की म्हणायची, "आता नदी रुंद झाली." आणि ते बरोबर असायचं.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला शांतारामकडे नेलं आणि ती सायकल विकत घेतली. लेक वैतागून म्हणाली, "आई, आता? आता तुला चालवता तरी येते का?"

"म्हणूनच," सवकासबाय म्हणाली. "दर वर्षी इथून जाताना मी सगळं परत करत आले. या वेळी मला काही परत करायचं नाही."

सायकल आमच्या सोप्यावर राहिली. आई एक दिवस आपली चालवायची, एक दिवस तिची. दर रविवारी फोन यायचा आणि आई नदीची सगळी हकिकत आपल्याच भाषेत सांगायची. पलीकडून हुंकार यायचे. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका रविवारी पलीकडे लेकच बोलली.

आठ दिवस आईनं कुठल्याच सायकलला हात लावला नाही. नवव्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले, तर ती हिरवी सायकल पुसत होती. ती घेऊन शेजारच्या सुलोचनेच्या दारात गेली. सुलोचनेचा नवरा वर्षापूर्वी वारला. तेव्हापासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता. आईनं हाताला धरून तिला अंगणात आणलं आणि सायकल तिच्या पुढ्यात उभी केली.

"पडलें तर गो?" सुलोचना घाबरून म्हणाली.

"पडशील," आई म्हणाली. "मग थोडा वेळ तिथंच बसू दोघी."