मधल्या कार्डांचा फळा

डेन्झिल कॉस खाणीत फिटर होता. खाण बंद पडली, पण त्याचे हात बंद पडले नाहीत. मुलीनं होबार्टहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला, त्यात पडद्यावरची चित्रं काढणारं एक ग्राफिक्स कार्ड होतं. मधल्या दर्जाचं. कंपनी अशा कार्डाला वेग ठरवून देते. त्या वेगापुढे कार्डाला ढकलत न्यायचं, ते कोसळेल तिथवर, आणि कोसळण्याच्या किंचित अलीकडे थांबायचं, हा टास्मानियातल्या आमच्या क्वीन्सटाउनमधला हिवाळी धंदा. बाहेर आडवा पाऊस, वर सोललेल्या टेकड्या. माणसानं कशाशी तरी झुंजायचं ना.

खाणकामगारांच्या जुन्या हॉलमध्ये फळा आहे. प्रत्येक कार्डाच्या नावापुढे, वेगाच्या चाचणीत त्यावर सगळ्यात जास्त गुण काढणाऱ्याचं नाव, खडूनं. कार्ड कालबाह्य झालं की त्याचा वर्ग बंद करतात आणि शेवटचं नाव रंगानं लिहितात. खडूवर कुणीही हात फिरवावा, रंगावर नाही. डेन्झिलच्या कार्डाचा वर्ग त्या जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, बंद होणार होता. खडूत नाव होतं नायरी पोहातूचं. नायरी गावातल्या दवाखान्यात नर्स, न्यूझीलंडहून येऊन इथंच रुजलेली. डेन्झिलचं नाव त्या फळ्यावर कधीच लागलं नव्हतं.

"रंग कुठला आणू, डेन्झिल?" ती रस्त्यात भेटली की विचारायची. "माझ्या नावाला हिरवा शोभेल ना?"

"आण की. फक्त ब्रश जरा रुंद आण, माझं नाव जाड अक्षरात लिहायचंय."

घरी मात्र त्याला झोप नव्हती. तो कार्डाच्या मेमरीचा वेग वाढवत होता, थोडा, आणखी थोडा. चित्र फाटत नव्हतं, मशीन अडकत नव्हतं. तरी गुण उतरत होते. वेग जास्त, फळ कमी. आमच्याकडे अशा वेळी सगळे एकच म्हणतात: तापलंय, गार करा. थंडी फुकट मिळणाऱ्या गावाला दुसरं सुचणार काय? डेन्झिलनं कार्ड उघडून उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, पंखे पुसले. शेवटी मशीन उचलून सरपणाच्या शेडमध्ये ठेवलं आणि दार सताड उघडलं. तापमान दाखवणारा आकडा कधीच वर गेला नव्हता. तरी तो त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हता.

त्याची बायको कॉरली चहा घेऊन शेडमध्ये आली. तीही खाणीतलीच; दगड फोडणाऱ्या क्रशरच्या पट्ट्याजवळ उभं राहण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती.

"कॉम्प्युटरला सर्दी होईल रे," ती म्हणाली. "गुण?"

"परत उतरले. पण कोसळत नाही गं ते! एकदा कोसळलं असतं तर कळलं तरी असतं."

"मग पट्टाच आहे तो."

"कसला पट्टा?"

"विसरलास? साहेब म्हणायचा पळवा, पळवा. पट्टा थांबायचा नाही, पण अर्धा दगड खाली सांडायचा. आम्ही तो फावड्यानं उचलून परत वर टाकायचो. दिवसाअखेर माल कमी. कुणाला कळायचं नाही, कारण पट्टा तर चालूच."

डेन्झिलनं चहा तसाच ठेवला. कार्डाची मेमरी चुकलेला मजकूर मुकाट्यानं परत मागवते, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. म्हणजे मागचे सगळे आठवडे तो सांडलेला दगड मोजत होता.

आता एकच करायचं होतं, आणि तेच त्याला जमत नव्हतं: मागं यायचं. त्यानं वेग एक टप्पा उतरवला. दात ओठांत रुतलेले. गुण चढले. आणखी एक टप्पा. आणखी चढले. वाचलेली वीज त्यानं कार्डाच्या मुख्य चिपला दिली.

वर्ग बंद व्हायच्या रविवारी दुपारी हॉलमध्ये टोपलीतल्या खेकड्यांसारखी दाटी. शिंपल्यांचा रस्सा भरलेल्या पाई, म्हणजे भाजलेल्या कचोऱ्याच, कागदी पिशव्यांत वाफाळत होत्या. नियमानं डेन्झिलला दोन फेऱ्या. पहिली नायरीच्या आकड्याखालीच राहिली, जेमतेम.

"अरे, ढकल अजून!" मागून कुणीतरी ओरडलं. "घाबरला म्हातारा!"

डेन्झिलचा हात मेमरीच्या आकड्यावर गेला. पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. त्यानं तो आणखी खाली आणला.

"रिव्हर्स गिअर टाकला रे यानं!" हॉल हसला. नायरी हसली नाही. ती खुर्ची ओढून जवळ आली.

फेरी संपली. आकडा नायरीच्या पुढे होता, अगदी थोडा, पण पुढे.

"हं," ती म्हणाली. "मागं यायचं तुला सुचलं नसतं. बायकोनं सांगितलं ना?"

"बायकोनंच."

"तरीच." तिनं त्याचा हात दाबला. "ऊठ आता, पाई खा. गार होतेय."

"थांब. अजून एकदा चालवतो."

"कशाला? ती फेरी धरणार नाहीत. जिंकलास तू."

"मला बघायचंय, नशीब होतं का ते."

लोक नाव रंगवायला फळ्याकडे वळले होते. पंखे पुन्हा घोंगावू लागले. डेन्झिल वाकून पडद्याकडे पाहत राहिला, आणि त्याच्या शेजारी नायरीही.