मोठ्यानं सांगितलेला दर

बी. कॉम. झालेला माणूस नेमकं करतो काय, हे आमच्या बारामतीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. वकील झाला तर काळा डगला घालून कोर्टात जाताना दिसतो, डॉक्टर झाला तर त्याच्या ओट्यावर खोकणारी माणसं दिसतात. महिपती रासकर मुंबईहून बी. कॉम. होऊन आला तेव्हा पेठेत जो तो त्याला गाठून विचारायचा, "म्हंजी तू झालास तरी काय?" आणि हा भला माणूस रस्त्यात उभा राहून सांगत बसायचा. जमाखर्च शिकलो, बँकेचा कारभार शिकलो, व्यापाराचा कायदा शिकलो, कुठल्या मुलखातून कुठल्या बंदराला काय माल जातो ते शिकलो. ऐकणारा मान डोलवून पुढं जायचा आणि चार पावलांवर दुसऱ्याला सांगायचा, "पोरगं हुशार हाय, पर नोकरी न्हाय लागली वाटतं."

मी त्याचा शाळेतला सोबती. मॅट्रिक होऊन मी इथंच मास्तर झालो, तो पुढं गेला. त्याचं गाव वडगाव निंबाळकर. घर माळ्याचं, जमीन कालव्याखालची, ऊस आणि थोडा भाजीपाला. आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं चुलतीनं, रंगूबाईनं. ती विधवा, पोटी मूल नाही. दोन भावांच्या वाटण्या आधीच झालेल्या होत्या, त्यामुळं नवऱ्याची जमीन तिच्याकडं होती. ती कसायचा मात्र थोरला दीर, म्हणजे महिपतीचा बाप भिमातात्या. दोन्ही वावरांतला ऊस एकाच गुऱ्हाळावर गाळायचा, गूळ एकाच गाडीतून बारामतीला न्यायचा, आणि जो दर येईल त्या दरानं रंगूबाईचे पैसे तिच्या हातात ठेवायचे, असा रिवाज होता.

सुट्टीत आला की महिपती माझ्या खोलीवर पुस्तकं घेऊन यायचा. मलाही ती वाचायची हौस होती. एकदा अर्थशास्त्राचं पुस्तक उघडून त्यानं मला एक पान दाखवलं. तिथं लिहिलं होतं की, खरा बाजार तोच, जिथं घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला, दोघांनाही चालू दर ठाऊक असतो. मला म्हणाला, "नीळकंठ, आमचे प्रोफेसर हे वाक्य असं वाचतात जसं काही सगळीकडं असंच असतं. मी वर्गात बसून आपल्या पेठेचाच विचार करत होतो."

आमच्या पेठेत गुळाचा सौदा तोंडानं होत नाही. आडत्या आणि व्यापारी समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात. कुठलं बोट दाबलं, किती दाबलं, त्यावरून दर ठरतो. एक व्यापारी उठतो, दुसरा बसतो. शेतकरी बिचारा शेजारी उकिडवा बसून त्या रुमालाची हालचाल बघत असतो. शेवटी आडत्या त्याला बाजूला घेतो आणि कानात सांगतो, अमुक दर आला. खरा किती आला ते त्या आडत्याला ठाऊक आणि देवाला ठाऊक. मी हे लहानपणापासून बघत आलोय आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. आपला माल, आपला घाम, आणि आपल्याच मालाचा दर आपल्याला कानात कुजबुजून का म्हणून सांगायचा?

महिपतीनं ठरवलं, हे मोडायचं. मुंबईत एका पेढीवर त्याला जागा मिळत होती, ती त्यानं सोडली. चौतीस सालच्या हंगामाआधी तो गावोगाव फिरला. माझं म्हणणं साधं होतं, नोकरी घे आणि सुखी हो. पण ऐकतो कोण! पुण्याच्या दोन व्यापाऱ्यांना त्यानं तयार केलं. पेठेबाहेर मोकळी जागा बघितली. ठरलं असं, की माल सगळ्यांसमोर ठेवायचा, बोली मोठ्यानं करायची आणि शेवटचा दर महिपतीनं ओरडून सांगायचा. वडगावच्या देवळात बैठक झाली तेव्हा सगळ्यांनी माना डोलवल्या. "व्हय, व्हय, आडत्यानं लई लुबाडलं." झुंबर म्हणून एक बागाईतदार होता, तो तर उठून म्हणाला, "पोरा, तू म्हणशील तितं गाडी उभी करतू." आमची माणसं एवढ्या पटकन व्हय म्हणाली की घाबरावं, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं. तो हसला.

भिमातात्या मात्र त्या बैठकीत एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, बाप आहे, ऊर भरून आला असेल. तसा तो अबोलच माणूस.

पहिल्या दिवशी पहिला माल कुणाचा? अर्थातच ज्यानं हे काढलं त्याच्या घरचा. भिमातात्या दोनदा म्हणाला, "आधी झुंबरचा काढ, माझा मागनं." महिपती म्हणाला, "तात्या, आपलाच मागं ठेवला तर लोक काय म्हणतील?" आणि त्या दिवशी त्यानं आणखी एक गोष्ट केली. रंगूबाईला गाडीत बसवून आणलं. बाजारात बायका भाजी विकायला बसतात, पण गुळाच्या सौद्याला बाईमाणूस कुणी आणत नाही. हा म्हणाला, "अर्धा माल काकीचा हाय. जिचा माल तिनं आपल्या कानानं दर ऐकावा." रंगूबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती गाडीच्या चाकाशी बसली आणि येणाऱ्या जाणाऱ्याकडं अशा कौतुकानं बघत होती की, मला वाटलं, बाई आता उठून सगळ्यांना पेढे वाटते.

ढेपा मांडल्या. पुण्याचे दोघं, आणि काय चाललंय ते बघायला म्हणून आलेले पेठेतले दोनतीन व्यापारी, सगळे भोवती उभे राहिले. आबासाहेब आडत्याही आला होता. भिमातात्याचा माल इतकी वर्षं त्याच्याकडंच जायचा. पान चघळत तो लांब उभा राहिला. महिपती खोक्यावर चढला. बोली सुरू झाली तसा त्याचा आवाज चढत गेला. तीन रुपयांपासून निघाली, सव्वातीन झाली, आणि साडेतीनला तुटली. "मणाला साडेतीन!" महिपती ओरडला. लोकांत गलका उठला, कारण त्याच आठवड्यात पेठेत रुमालाखालून तीनच्या वर कुणाला काही मिळालं नव्हतं. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. मनात म्हटलं, जिंकला रे गडी.

तेवढ्यात रंगूबाई उभी राहिली. थोरल्या दिरासमोर बाईनं तोंड उघडायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि ती रीत तिनं जन्मभर पाळलेली. म्हणून ती भिमातात्याकडं वळली नाही. पदर तसाच पुढं धरून तिनं महिपतीला विचारलं, आणि गलका होता म्हणून मोठ्यानं विचारलं.

"महिपती, औंदा बाजार पडलाय म्हणत्यात ना रं सगळी? मग गेल्या साली अडीच कसा आला? त्याच्या आदल्या साली बी अडीचच. तुझ्या तात्याला जरा इचार की."

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता हो. तिला खरोखर कळलं नव्हतं, आणि शिकलेला पुतण्या समोर आहे म्हणून तिनं विचारलं. पण तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते एका क्षणात कळलं. बाजार आजच्यापेक्षा चढा होता त्या वर्षी अडीच येणं शक्य नव्हतं. आडत्यानं खाल्ले, असं महिपतीला म्हणता आलं असतं, आणि लोकांना ते पटलंही असतं. पण त्यानं बापाकडं पाहिलं. भिमातात्या बैलाच्या वेसणीशी उगाच काहीतरी करत होता, आणि त्याचा चेहरा मेल्यासारखा झाला होता.

ती वर्षं महिपतीच्या मुंबईच्या शिक्षणाची होती.

खोक्यावर उभा राहून महिपतीनं खालच्या आवाजात सांगितलं, "काकी, घरी बोलू."

एवढंच तो बोलला. मी त्याच्या जागी असतो तर काय बोललो असतो, कुणास ठाऊक. पण ते शब्द ऐकून सगळ्या जागेवर असा गारठा पसरला की मला पळून जावंसं वाटलं. मग झुंबर, तोच तो, जो देवळात उठून बोलला होता, त्यानं आपल्या गाडीच्या जुवाला हात घातला. म्हणाला, "ह्येला बी झाकूनच बोलायचं हाय की. मग आबासाहेबाचा रुमाल काय वाईट हाय?"

"झुंबरराव, तुमचा माल राहिलाय," मी म्हणालो. मला संताप आवरत नव्हता. "मणामागं आठ आणे जादा मिळतायत ते दिसत नाही का?"

"दिसतंय की, मास्तर. माझ्या धाकट्या भावाला बी दिसंल. सासऱ्याला दिसंल, येव्हायाला दिसंल. झाकली मूठ सव्वा लाखाची, उगा म्हणत न्हाईत."

त्यानं बैल जुंपले. त्याच्यामागं दुसऱ्यानं. कुणी भावाला फसवत होतं, कुणी आईपासून दडवून बायकोला देत होतं, कुणी काहीच करत नव्हतं पण उद्या करावं लागलं तर म्हणून वाट मोकळी ठेवत होतं. आडत्या लुबाडतो हे सगळ्यांना माहीत होतं. त्याची कुरबूर करत सगळेच्या सगळे त्याच्याच दाराशी गेले. महिपतीनं बाजाराबद्दल सगळं वाचलं होतं. विकणाऱ्याला दर लपलेलाच हवा असू शकतो, हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आबासाहेब हसलासुद्धा नाही. पान थुंकून तो त्यांच्यामागं आपल्या आडतीकडं चालू लागला.

घरी काय झालं ते महिपतीनं मला नंतर सांगितलं. त्यानं बापाला एकच विचारलं, माझ्या फीचे पैसे काकीकडं मागितले का नाहीत? भिमातात्या भडकला. "रांडमुंड बाईपुढं हात पसरू? धाकट्या भावाच्या बायकोपुढं? गावात त्वांड कसं दावायचं म्या? तुझं शिक्षान झालं का न्हाय? मग कशाला इचारतूस?" म्हणजे मागायची लाज वाटली, काढून घ्यायची नाही. मला हे आजही समजत नाही, आणि समजून घ्यायची इच्छाही नाही. बायकांच्या हातून घेतलेल्या पैशाला आमच्याकडं चोरी म्हणायची पद्धतच नाही, घरातलंच म्हणतात.

रंगूबाईनं भांडण केलं नाही. तिनं आपली जमीन दुसऱ्याला खंडानं लावली आणि इंदापूर तालुक्यात, बावड्याला, भावाच्या घरी निघून गेली. जाताना महिपती गाडीपाशी उभा होता. ती काही बोलेल म्हणून तो थांबला, तो काही बोलेल म्हणून ती थांबली. गाडी हाकणारा म्हणाला, ऊन चढतंय. गाडी गेली.

मग महिपतीनं नोकरी धरली. इंदापूरकडं नव्या निघालेल्या एका साखर कारखान्याच्या हिशेबखात्यात तो लागला. तिथं बी. कॉम. म्हणजे काय हे साहेबाला ठाऊक होतं, त्यामुळं मान मिळाला. पण तो पार आटला. मी भेटायला जायचो तर हवापाण्याच्या गप्पा मारायचा. पुस्तकं त्यानं मला देऊन टाकली, आणि मी घेतली. माझ्या शाळेत त्यांचा काय उपयोग होता म्हणा. बापाला दरमहा पैसे पाठवायचा, घरी जायचा नाही. बावड्याला जाऊन ये, असं मी त्याला इतक्यांदा सांगितलं की शेवटी माझाच मला कंटाळा आला. "काय तोंडानं जाऊ?" एवढंच म्हणायचा. एकदा मी चिडून म्हणालो, "ज्या तोंडानं तिच्या हातचं खाल्लंस त्या तोंडानं जा." ते त्याला लागलं असावं. पुढच्या सुट्टीला आम्ही दोघं सर्व्हिस मोटारीनं बावड्याला गेलो.

रंगूबाई भावाच्या पडवीत शेंगा फोडत बसली होती. वाळली होती. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला सारलं, पाणी दिलं, मला "मास्तर, बसा" म्हणाली. महिपती बसला नाही. पडवीत तिचा भाऊ होता, भावजय होती, शेजारच्या दोन बायका होत्या. कारखान्यात चार वाक्यं मोठ्यानं न बोलणारा हा माणूस तिथं सगळ्यांसमोर उभा राहून बोलला. "काकी, गुळाचा दर तुला कमी सांगितला. तीन वर्षं सांगितला. त्यातनं माझी फी भरली, खानावळ भरली. मला ठाऊक न्हवतं, पर त्या दिशी बाजारात कळलं, आन् तवाबी म्या गप बसलो. हे तिथंच मोठ्यानं म्हणायला पायजे हुतं."

त्यानं खिशातून पुडकं काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं त्याला हात लावला नाही. भावजय पुडक्याकडं बघत होती, भाऊ दुसरीकडं. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ती अगदी साध्या आवाजात बोलली.

"मागितलं असतंस तर दिलं असतं रं लेकरा. समदं दिलं असतं. आन् गावभर सांगत हिंडले असते, ह्या पोराला म्या शिकिवलं म्हणून. आता तसं बी म्हणता येत न्हाय मला."